आधी चौक मोज

‘किलोमीटर नंतर मोज, आधी चौक मोज,’ शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने जाण्याचा माझा बेत ऐकून मैत्रीण आज म्हणाली आणि मी नकाशावर हेरलेला रुंद, सरळ रस्ता तिने तिथल्या तिथे बाद केला.

तिचे म्हणणे दिवसभर मनात घोळत राहिले. ताशी १५ किलोमीटर वेगाने २० किलोमीटर जायला हिशेबाने ८० मिनिटे लागतात. पण नवख्या माणसाचा दम काढते ते दर सिग्नलला थांबून जड गिअरवर पुन्हा वेग धरणे. साखळी सरकवणारे गिअर पेडल फिरत असतानाच बदलतात, त्यामुळे थांबण्याआधीच हलका गिअर टाकण्याची सवय अंगवळणी पाडायला हवी.

मग तिने दोन्ही हात फाकून अंतर दाखवले. उभ्या गाड्यांपासून किमान इतके, म्हणजे मीटरभर, लांब राहायचे. कारण दार अचानक उघडले तर ब्रेक दाबायलाही सवड मिळत नाही.

टायरमधली हवा, सीटची उंची, पाण्याची बाटली ही सगळी तयारी माझ्या हातात आहे, त्या दाराचे तसे नाही. गाडीतून उतरण्यापूर्वी मागे वळून पाहण्याची सवय आपल्यापैकी किती जणांना आहे?