पॉलिसी रिन्यू करायला घेतली आणि जॅकवेलवर जाऊन पोचले

कृष्णाकाठच्या एका नगरपरिषदेत मी लेखा विभागात आहे, गावाचं नाव सांगत नाही कारण उद्या परत त्याच टेबलावर बसायचंय. गोष्ट मार्च 2022 ची. निवडून आलेल्या बॉडीची मुदत संपलेली, प्रशासक राज चालू, आणि विम्याची फाइल सांभाळणारे क्लार्क रिटायर झाल्याने ती माझ्या गळ्यात. जाताना म्हणाले, "काय नसतंय ओ मॅडम त्यात, मागच्या वर्षीचं पत्र घ्यायचं, तारीख बदलायची, साहेबांची सही, झालं."

तसंच केलं असतं खरं तर. मार्च एंड म्हणजे दारात ठेकेदारांची रांग, विमा कोण वाचत बसतंय. पण गाड्यांची यादी टाइप करताना दिसलं की अग्निशमनची जी गाडी आपण भंगारात काढली तिचा हप्ता अजून भरतोय! मग म्हटलं मालमत्तेची दुसरी यादी पण बघू. तिथं जॅकवेलची, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीची, एक ओळ : जॅकवेल, मोटारपंप 2 नग, रक्कम रुपये 40 लाख. एवढंच.

29 तारखेला भर दुपारी स्कूटी काढून नदीवर गेले. तिथले ऑपरेटर तात्या, नोकरीची वीस वर्षं त्याच खोलीत गेलेली. आत बघते तर मोटारी तीन. "तिसरी म्हापुरानंतर बसवली की, तुमच्याच ऑफिसनं बिल काढलं," तात्या म्हणाले. भिंतीवर माझ्या डोक्याच्या बरंच वर ऑइलपेंटचा पांढरा पट्टा, खाली 2019 लिहिलेलं. त्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी 45. चेनपुली लावून एकच मोटार वर काढता आली, दुसरी आणि सगळा पॅनेल पाण्यात, आठवडाभर गाव टँकरवर. हे सांगताना तात्या त्या पट्ट्यावर हात फिरवत होते, जणू घरातल्या कुणाचा फोटो आहे.

तेव्हाचा क्लेम निम्म्याहून कमी मिळाला म्हणून ऑफिसात सगळे कंपनीला शिव्या घालायचे, मीसुद्धा. त्या दिवशी कळलं की घोळ आमचाच. आमच्या रजिस्टरला दरवर्षी घसारा लावून किंमत खाली खाली येते आणि तीच किंमत उचलून विम्याच्या यादीत जाते, बाजारात मात्र तीच मोटार दरवर्षी महाग. आता 1 कोटीची मालमत्ता 40 लाखाला उतरवली तर कंपनी म्हणते बाकीच्या 60 लाखाची विमा कंपनी तुम्हीच, त्यामुळं 10 लाखाचं नुकसान झालं तर हातात 4 लाख. पूर्ण बुडाल्यावरच असं होतं असं नाही, थोडं बुडालं तरी हेच गणित. एप्रिल 2021 पासून 5 कोटीपर्यंतच्या मालमत्तेला जी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आली तिच्यात 15 टक्क्यांपर्यंत कमी रक्कम चालवून घेतात, पण आमची तफावत त्याच्या कितीतरी पुढची.

पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरकडून रात्रीत नव्या किमती काढून घेतल्या. हप्ता जवळपास तिप्पट, वर 18 टक्के जीएसटी. सीओ साहेब, म्हणजे आमचे मुख्याधिकारी, बघून म्हणाले, "हेडला तरतूद कुठाय? आणि नदीला विचारून आलाय काय, यंदा येणारे का?" मी म्हटलं सर, 2019 ला आली, 2021 ला आली, अजून किती विचारायचं. गप्प झाले, पुनर्विनियोजनाच्या, म्हणजे एका हेडचे पैसे दुसऱ्या हेडला वळवायच्या टिपणीवर सही केली, पण पेन असं आपटलं की शेजारच्या ठेकेदाराचा चहा सांडला.

31 ला रात्री बाराला जुनी पॉलिसी संपणार. विम्यात उधारी नसते, विमा कायद्याच्या 64 व्हीबी कलमानुसार पैसे आधी आणि जोखीम नंतर. आणि बँकेचं पोर्टल तर 31 मार्चला झोपणारच, डिजिटल सहीचा डोंगल तीनदा काढून घातला, शेवटी पावणेआठला पैसे गेले. आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास झालंय म्हणून वाचलो नाहीतर एक तारखेला उघड्यावर होतो.

सगळं धरता आलं असं नाही हं. आमच्या खड्ड्यात कुणी पडून हातपाय मोडला तर त्याच्यासाठी पॉलिसी तेव्हा नव्हती, आजही नाही. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळं मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख द्या म्हणून आदेश दिला त्यावर मी परत टिपणी टाकलीय, ती कुठल्यातरी टेबलावर आहे.

तर त्या रात्री पॉलिसीची प्रिंट काढून कुलूप लावत होते तेवढ्यात तात्यांचा फोन. "मॅडम, भोंगा धरला का? पुरात वाजवायचा, टाकीवरचा?"

कुलूप परत उघडलं, यादी तीनदा वाचली. भोंगा नव्हता.