चावी की मोटार?

माझ्याकडे एचएमव्ही १०२ आहे, पेटीतला चावीचा ग्रामोफोन. हे मॉडेल १९३१ साली बाजारात आलं. तबकडी वाजताना मध्येच आतून ‘धप्प’ असा आवाज यायचा आणि गाणाऱ्याचा सूर खाली घसरून पुन्हा वर चढायचा. ओळखीच्या मेकॅनिकने झाकण उघडायच्या आधीच निकाल दिला, “काका, चावीची कटकट ठेवताच कशाला? रेकॉर्ड प्लेअरची मोटार बसवून देतो. बटण दाबलं की चालू.”

त्याला लगेच नाही म्हणालो नाही, कारण वीज या यंत्रांना परकी नाही. एडिसनचा १८७७ चा फोनोग्राफ, म्हणजे ग्रामोफोनचा पूर्वज, थेट हाताने फिरवायचा, त्यामुळे हात जसा फिरेल तसा सूर. १८८८ च्या सुधारित यंत्राला त्याने विजेची मोटार दिली होती. पण ती बॅटरीवर चालायची, आणि तेव्हाची बॅटरी म्हणजे आम्लाने भरलेलं काचेचं भांडं. कोण सांभाळणार ते घरात? म्हणून १८९०च्या दशकात चावीने गुंडाळायच्या स्प्रिंगच्या मोटारी आल्या. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर, त्याच्या यंत्राला चांगली स्प्रिंग-मोटार दिली ती अमेरिकेतल्या कॅम्डनच्या एल्ड्रिज जॉन्सनने. म्हणजे घराघरांत चावी आली ती विजेच्या मोटारीनंतर! आपल्याकडे तर वीज न पोचलेल्या गावातही नाट्यगीतं वाजली ती चावीमुळेच.

मेकॅनिकच्या मोटारीची अडचण वेगळी होती. प्लेअरमधली ती छोटी मोटार हलक्या पिकअपसाठी, म्हणजे सुई धरणाऱ्या हातासाठी, केलेली असते. माझ्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे पिन बसते ती पडद्याची डबी, शंभर ग्रॅमपेक्षा जास्त भाराने तबकडीवर टेकतो, कारण भोंग्यातून येणारा सगळा आवाज पिनच्या हालचालीतूनच निघतो, अ‍ॅम्प्लिफायर नसतोच. एवढ्या ओझ्याखाली ती मोटार दमणार. शिवाय तिची गुणगुण लाकडात उतरणार, आणि मूळ यंत्र काढताना पेटीला नवी भोकं पडणार ती वेगळीच.

शिवाय वेग स्प्रिंग ठरवत नाही, गव्हर्नर ठरवतो. एका दांड्यावर पातळ पट्ट्यांना अडकवलेली तीन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि चामड्याच्या तुकड्याला घासून वेग आवरते. जुन्या विजेच्या फोनोग्राफमध्येही वेगाला असाच लगाम लागायचा. तेव्हा चावी ठेवायची आणि आतलं काम नीट करायचं, असं ठरवलं.

‘धप्प’चं कारण होतं स्प्रिंगच्या डब्यातलं वाळून चिकट झालेलं ग्रीस. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि सुटताना झटक्याने सुटतात. आधी यंत्र चालू ठेवून चावी पूर्ण उतरू दिली. ही पायरी कुणीही गाळू नये, ताण असलेली स्प्रिंग बोटं कापते. जाड हातमोजे आणि चष्मा घालून ती पोलादी पट्टी एकेक वेढा सोडत बाहेर काढली. डब्यातून सुटली की ती अंगणभर पसरते, म्हणून घरातल्यांना आधीच लांब बसवलं होतं. मग रॉकेलने धुतली, पुसून कोरडी केली, ग्राफाइट ग्रीस लावलं आणि पुन्हा भरली. भरणं काढण्यापेक्षा अवघड. मनगटं दोन दिवस बोलत होती. गव्हर्नरच्या चामड्याला आणि दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब दिले.

नंतर वेग लावला. त्यासाठी ७७ रेघांची कागदी चकती तबकडीवर ठेवायची आणि चोकवाल्या ट्यूबलाइटखाली बघायचं. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जवळ आला की रेघा थांबल्यासारख्या दिसतात. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हे दिसत नाही. पिन तबकडीवर टेकवूनच बघावं, मोकळी फिरणारी तबकडी खोटं सांगते. एवढी काटेकोरी हवी, कारण ७८ चे ७४ झाले की काळी एकचा सा जवळजवळ पांढरी एकवर उतरतो. हार्मोनियम जवळ असेल तर कानालाही पडताळा मिळतो.

आता दर बाजूआधी चावी देतो आणि दर बाजूला नवी पोलादी पिन लावतो. काढलेली पिन टाकूनच द्यायची, ती एका बाजूतच झिजलेली असते.

फक्त जुन्या, दुर्मीळ तबकड्या मी यावर वाजवत नाही. एवढा भार त्यांच्या खाचा खाऊन टाकतो. शिवाय सुरुवातीच्या काळातल्या कित्येक तबकड्या ७८ च्या वेगाने मुद्रित झालेल्याच नाहीत. त्यांच्यासाठी वेग कमीजास्त करता येणारा टर्नटेबल घेतला आहे, जाड खाचांच्या खास सुईसकट. तो विजेवर चालतो, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.