६४१ आधीच माहीत असेल तर मजा काय?

४,२९,४९,६७,२९७. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाला हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटेल. ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांत, मावणारी सर्वांत मोठी संख्या हिच्यापेक्षा फक्त २ ने लहान आहे. हिला जबरदस्तीनं ३२ बिटांत कोंबलं, तर हाती नुसता १ उरतो.

२ चा ३२ वा घात करून त्यात १ मिळवला की ही संख्या येते. फ्रेंच गणिती फर्मानं १६४० मध्ये ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशी माळ पाहिली. यातल्या संख्येतून १ वजा करा, वर्ग करा, १ मिळवा, की पुढची येते. पाचही मूळ संख्या! पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं त्याला वाटलं. पुढची म्हणजे नेमकी हीच. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितीनं हिला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवलं. भागाकार ६७००४१७, आणि तो स्वतः मूळ.

या संख्येचा लबाडपणा असा, की ती फर्माच्याच कसोटीला उतरते. विषम मूळ संख्या घ्या, तिच्यातून १ वजा करून तितका २ चा घात करा, तिनंच भागा: बाकी १ यायलाच हवी. इथेही १ च येते! ३ चा घात घेतला असता तर ही पकडली गेली असती. त्यासाठी ३२ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी या दहा अंकी धोंड्यानं भागायचं. चिकाटीचं काम, पण कागदावर होण्यासारखं.

६४१ ची प्रसिद्ध सिद्धता दोन ओळींची आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ ने भागता ५ × १२८ ची बाकी −१ (म्हणजे निःशेष भाग जायला १ कमी), म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची, बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ लिहा. झालं, २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, म्हणजे १ मिळवला की निःशेष भाग. सुरेख आहे, वाद नाही. पण ६४१ आधी कुणीतरी कानात सांगावा लागतो, आणि तिथेच माझा रस थोडा कमी होतो.

मला त्यापेक्षा दुसरी वाट आवडते. ही संख्या ६५५३६² + १² आहे, हे तर उघडच. पण ती ६२२६४² + २०४४९² सुद्धा आहे. पडताळून बघा: ३८७६८०५६९६ आणि ४१८१६१६०१, बेरीज चोख. (२०४४९ हा १४३ चा वर्ग, हे वरकड.) मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता आलीच, तर एकाच प्रकारे येते. इथे दोन प्रकार निघाले, तेव्हा ती संयुक्त ठरली, तीही कशानंही भागून न बघता.

आणि अवयवही याच जोड्यांतून निघतात. ६५५३६ आणि ६२२६४ यांची वजाबाकी ३२७२, बेरीज १२७८००. २०४४९ आणि १ यांची वजाबाकी २०४४८, बेरीज २०४५०. दोन्ही वजाबाक्यांचा मसावि ८, दोन्ही बेरजांचा ५०. त्यांची निमपट ४ आणि २५. आता १६ + ६२५ करा. समोर ६४१!

दुसरी जोडी शोधणं ६४१ शोधण्यापेक्षा सोपं नाही, हे मान्य. तरी इथे उत्तर संख्येच्या पोटातून वर येतं.

शून्यापासून मोजलं तर या माळेत हिचा क्रमांक ५. क्रमांक २४ च्या संख्येत पन्नास लाखांहून जास्त अंक आहेत. ती संयुक्त आहे हे १९९९ मध्ये गणनेनं नक्की झालं, पण तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. तीही एक वर्ग अधिक १ अशीच आहे. संयुक्त आहे म्हणजे वर्गांची दुसरी जोडी असणारच. ती जोडीही कुणाला माहीत नाही.