बीएस कमी, बीएस नॉर्मल

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आयसीयूची पोस्टिंग लागली की पहिले काही दिवस त्यांच्या वाट्याला एकच काम येतं: चार्ट भरणं. पंपाला हात लावायचा नाही, व्हेंटिलेटरच्या बटणाकडे बघायचंही नाही, पण दर तासाला आकडे लिहायचे. मी त्यांची क्लिनिकल इन्स्ट्रक्टर. मला हे काम कमी दर्जाचं वाटत नाही. पण ज्याच्याकडून लिहून घेतो त्याचं लिहिलेलं वाचायचंही असतं, हे वॉर्ड सोयीस्करपणे विसरतो.

त्या दिवशीची पेशंट व्हेंटिलेटरवर होती. न्यूमोनिया, त्यात मधुमेह, इन्सुलिनचा पंप चालू, त्यामुळे दर तासाला बोट टोचून साखर तपासायची. सकाळची ओव्हर, म्हणजे पाळीची सोपवासोपव, झाली, स्पंजिंग झालं, मग कूस बदलायची वेळ आली. बाहेरच्यांना वाटतं कूस बदलणं म्हणजे ताकदीचं काम. ताकद लागते ती धडाकडे. खरी जबाबदारी डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाची, कारण त्याच्या हातात श्वासाची नळी असते. हनुवटी छातीकडे झुकली की नळीचं टोक आत सरकतं, मान मागे गेली की बाहेर येतं. फार नाही, एखाद-दोन सेंटिमीटर. त्यात लाळेनं चिकटपट्टी सैल झालेली असली तर आणखी. म्हणून नळीवर छापलेला ओठाजवळचा आकडा कूस बदलायच्या आधी वाचायचा आणि नंतर पुन्हा वाचायचा. या बाईंचा होता २१.

एक-दोन सेंटिमीटरनं काय होतं ते कळायला छातीची आतली रचना डोळ्यांपुढे हवी. श्वासनलिका साधारण दहा-बारा सेंटिमीटरची, छातीच्या हाडावरचा उंचवटा जिथे हाताला लागतो त्या पातळीला तिचे दोन फाटे होतात. उजवा फाटा आखूड, जेमतेम अडीच सेंटिमीटर, रुंद आणि जवळजवळ सरळ खाली जाणारा. डावा त्याच्या दुप्पट लांब, अरुंद, आडवा, कारण त्याला हृदयाला वळसा घालून जायचं असतं. नळीचं टोक या फाट्याच्या तीन ते पाच सेंटिमीटर वर असावं लागतं. खाली घसरलं तर ते बहुधा उजवीकडेच जातं. मग सगळी हवा उजव्या फुप्फुसात आणि डावं उपाशी. गिळताना घशातून चुकलेला शेंगदाणासुद्धा त्याच रस्त्यानं जातो. हे पहिल्या वर्षाचं ॲनाटॉमी, परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' म्हणून दोन-चार मार्कांना येतं आणि विसरलं जातं.

माझ्या विद्यार्थिनीच्या ते लक्षात राहिलं होतं. कूस बदलल्यावर थोड्या वेळानं व्हेंटिलेटर दाबाचा अलार्म द्यायला लागला. सिस्टरनं सक्शन केलं, थोडा कफ निघाला, अलार्म बंद केला. ऑक्सिजन ९८ वरून ९४ वर आला होता, पण ९४ ला कुणी धावत नाही. मुलीनं स्वतःहून स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे हवा नीट, डावीकडे जवळपास नाही. तिनं फोनवर असलेल्या रेसिडेंट डॉक्टरला सांगितलं, "सर, डावीकडे कमी येतंय." त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं, "लिहून ठेव."

तिनं लिहून ठेवलं. पुस्तकात ब्रेथ साउंड्सचं, म्हणजे श्वासाच्या आवाजांचं, जे लघुरूप आहे तेच: बीएस, पुढे खाली जाणारा बाण. 'लेफ्ट' त्या चिंचोळ्या रकान्यात मावलं नाही म्हणून पुढच्या ओळीवर गेलं.

आता त्या बेडपाशी सकाळपासून बीएस म्हणजे एकच गोष्ट होती. आमच्याकडे साखरेला बीएसएल म्हणतात, घाईत शेवटचा एल गळतो. सिस्टरनं चार्ट पाहिला, बीएस कमी, इन्सुलिनचा पंप चालू. तिनं पंप थांबवला, बोट टोचलं, ११२ आलं, पंप पुन्हा सुरू केला आणि त्या नोंदीच्या खाली लिहिलं: बीएस नॉर्मल. तिच्या बाजूनं बघितलं तर तिनं काहीही ढिलाई केली नाही. नोंद वाचणारी त्या खोलीत ती एकटीच होती. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात असती तर हीच अक्षरं तिनं आतड्यांचे आवाज, बाउएल साउंड्स, म्हणून वाचली असती आणि पोटाला स्टेथोस्कोप लावला असता.

पुढे डॉक्टरांचा राउंड आला. चार्टवर वर 'बीएस कमी', खाली 'बीएस नॉर्मल'. कुणीही वाचलं तरी अर्थ एकच निघतो: अडचण होती, सुटली.

मी दुसऱ्या बेडवरून आले तेव्हा ऑक्सिजन ९० होता. मुलगी नुसती म्हणाली, "मॅडम, मी साखरेचं नव्हतं लिहिलं." पेशंटच्या पायाशी उभं राहून बघितलं तर छातीची उजवी बाजू वर येत होती, डावी जागच्या जागी. ओठाजवळचा आकडा २४. नळी घातलेल्या पेशंटचा ऑक्सिजन पडला की आम्ही चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं 'डोप' म्हणतो: नळी हलली का, अडली का, फुप्फुसाबाहेर हवा साठली का, यंत्र बिघडलं का, याच क्रमानं. ही लघुरूपं वाईटच असतात असं नाही, हे मात्र पाठ असलेलं बरं. डावीकडे आवाज नाही एवढ्यावरच कुणी फुप्फुसाबाहेरच्या हवेचा संशय घेतला असता तर छातीत सुई गेली असती. आकडा वाचायला कसलंही उपकरण लागत नाही. रेसिडेंटनं नळीच्या टोकाजवळच्या फुग्यातली हवा काढली, नळी २१ वर ओढली, फुगा परत भरला. डावी बाजू उचलली गेली. काही मिनिटांत ९६. एक्स-रेनं नळी जागेवर असल्याचं दाखवलं.

पेशंटचं नुकसान झालं नाही, म्हणून प्रकरण लवकर मिटलं. मिटवायची पद्धत नेहमीची: लेखी खुलासा विद्यार्थिनीचा. "प्रमाणित नसलेलं लघुरूप वापरलं." मग भिंतीवर सूचना लागली की आयसीयूत लघुरूपं वापरू नयेत. सूचनेत 'आयसीयू' होतंच, सहीखाली हुद्द्याचंही लघुरूप होतं.

टाळायच्या लघुरूपांची यादी मी वर्गात शिकवते. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये केलेल्या यादीत युनिटसाठी 'यू' लिहू नका असं आहे, कारण ते शून्य वाटून इन्सुलिनचा डोस दसपट होतो. १.० लिहू नका, टिंब दिसलं नाही तर १० होतात. ती सगळी डॉक्टरांच्या हुकमांसाठी आणि औषधांच्या नोंदींसाठी आहे. बीएस त्यात नाही. मुलीनं कुठली यादी मोडली हे मला कुणी दाखवलेलं नाही. त्या पाळीत पेशंटच्या छातीला कान लावणारी ती पहिली, आणि खुलासाही तिनंच द्यायचा. 'लिहून ठेव' म्हणणाऱ्याकडे कुणी काही मागितलं नाही. रेसिडेंट सलग ड्युटीवर होते, हेही मला माहीत आहे. तरी मान वळवायला किती वेळ लागतो?

तिच्या खुलाशाबरोबर मी माझंही पत्र जोडलं. मागण्या दोनच: चार्टमध्ये डाव्या-उजव्या फुप्फुसासाठी वेगळे रकाने, आणि कूस बदलण्याच्या नोंदीशेजारी नळीच्या आकड्याची जागा. दुसरी मान्य झाली, आता तो आकडा हातानं रेघ मारून लिहितात. रकान्यांचं मात्र जुने छापील चार्ट संपल्यावर बघू म्हणाले. स्टोअरमध्ये जाऊन पाहिलं, गठ्ठे छतापर्यंत आहेत.