राहू दे

काल आई म्हणाली, "राहू दे." एवढंच. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला वाचायला बंदी, आणि चातुर्मास लागलेला, म्हणून म्हटलं हरिविजय मी वाचते. ऑफिसमधून लवकर निघून, कपभर चहासुद्धा न घेता बसले हो! दहा-बारा ओव्या झाल्या असतील आणि ही म्हणते राहू दे.

मान्य, मी भरभर वाचलं. पण चाल मला कुणी शिकवली? आजोबा आषाढी एकादशीला सुरू करायचे आणि छत्तीस अध्याय गोकुळाष्टमीच्या आत संपवायचे. लाल फडक्यातली पोथी, सुटी पानं, वाचून झालं की पान उलटं करून पलीकडच्या गठ्ठ्यावर. ओवीचे तीन चरण यमकाचे, एका दमात, मग चौथा आखूड चरण आला की आवाज खाली आणायचा. श्रीधरस्वामींनी १७०२ साली हे लिहिलं ते डोळ्यांसाठी नाहीच, कानांसाठी. हे सगळं त्यांनी दादाला मांडीवर घेऊन शिकवलं, मी आजीशेजारी वाती वळत बसलेली. दादाचं आता... असो.

पण "राहू दे" का? कंटाळली? की माझी दया आली? ते जास्त लागलं बहुतेक.

आज सकाळी खोलीत गेले तर काळा चष्मा लावून एकटीच म्हणत बसलेली. चालीत! आजोबांसारखाच चौथा चरण खाली. मी दारातच उभी. हिला कधी पाठ झालं, ही तर कधी समोर बसलीच नाही, सासरे वाचायचे तेव्हा ही स्वयंपाकघरात. तरी पंधरा-वीस ओव्या सलग म्हणाली, मग मधल्या एकदम गायब, मग पुढून परत सुरू. विचारलं तर म्हणे, "तेव्हा फोडणीत असेन, ऐकू नाही यायचं."

हसू की रडू कळेना. मधल्या ओव्या पोथीतून शोधून मी सांगितल्या, भरभरच. त्या तिने परत तिच्या चालीत म्हटल्या. मग मला काही कामच उरलं नाही, म्हणून देवघरातला कापूस घेतला आणि वळायला लागले. इतक्या वर्षांनी.

तिने चाचपून एक वात उचलली. "जाड झाल्यात गं."