पणजोबांची तिथी

आमच्या पणजोबांचा म्हाळ सर्वपित्रीला घालतात. तिथी ठाऊक नसलेल्या सगळ्यांचीच सोय ती अमावास्या करते, त्यामुळे घरात कुणी जास्त खोलात गेलं नव्हतं. "मानमोडीत गेले," एवढंच आजोबा सांगायचे. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या एका साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली, तेव्हा त्यातल्या एकाची तारीख कोण लक्षात ठेवणार?

तारीख मागितली ती सातबाऱ्याने. गावाकडच्या एका तुकड्यावर अजून पणजोबांचंच नाव आहे. वारसांची नोंद करायची तर तलाठ्याला मृत्यूचा दाखला हवा. माणसाला जाऊन शंभर वर्षं उलटली तरी कागद त्याला जिवंत धरून बसलेला. मग काका म्हणाले, "बघू या तरी काय हाय त्ये."

पहिली फेरी गावची, साताऱ्याच्या बाजूला. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे 2023 पासून ही बुकं धूळ झटकून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली. आम्हाला भेटलेले मोडीवाचक निवृत्त शिक्षक होते. काळपट शाईच्या त्या ओळींवर ते बोट न टेकवता, हवेतच फिरवत वाचत गेले. नाव, बापाचं नाव, जात, कारण. 1918 च्या भाद्रपदाच्या सुमारास कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. एका घरातली तीन माणसं एका आठवड्यात. ओळखीची आडनावं येत होती, काका मधूनच "ह्ये आपल्या खालच्या आळीचं" म्हणत होते. आमच्या घराचं नाव आलं नाही. दसऱ्यानंतरची काही पानंही बांधणीतून गेलेली होती. काकांनी तिथेच निकाल लावला की पणजोबा त्या हरवलेल्या पानांवर असणार. मलाही ते पटलं. फार सोयीचं उत्तर होतं ते.

परतीच्या चहाला चुलतीने देव्हाऱ्यातला तांब्याचा गडू काढून दाखवला. तोंड लाखेने बंद केलेला, आत गंगाजळ. "सासूबाई याला नाशिकची गडवी म्हणायच्या. त्यांच्या सासूनं आणलेली." म्हणजे माझी पणजी नाशिकला गेली होती. विधवा बाई, शंभर वर्षांपूर्वी, साताऱ्याच्या खेड्यातून. ती काही हौसेने गेली नसणार.

मार्गशीर्षात मी आणि काका पुण्याहून एसटीने निघालो. चाकणच्या गर्दीतून सुटायलाच तास गेला, त्यामुळे नारायणगाव येईपर्यंत काका गप्प होते. आळेफाट्याला भजी खाल्ल्यावर बोलू लागले. त्यांनी पणजीला पाहिलं होतं. लहानपणी तिच्या मांडीवर झोपायचे. ती नवऱ्याबद्दल काही बोलायची का, विचारलं. "न्हाई. गिरणीचा भोंगा कसा वाजतो त्याची नक्कल मात्र करून दाखवायची." हे त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. चंदनापुरी घाट, संगमनेर, सिन्नर मागे पडलं. माझ्या डोक्यात तो भोंगा राहिला.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि काठाला गंगाघाट. सकाळी सातला रामकुंडावर गारठा होता. अस्थी घेऊन आलेली कुटुंबं, दशक्रियेला बसलेले मुंडन केलेले मुलगे, पलीकडे दुतोंड्या मारुती आणि नारोशंकराचं देऊळ. इथे पत्ता विचारायची रीत वेगळी आहे. तुमचं नाव कुणी विचारत नाही. जिल्हा कोणता, गाव कोणतं, आडनाव काय, एवढ्यावर तीर्थोपाध्याय, म्हणजे आलेल्या यजमानांच्या नोंदी वहीत ठेवणारा गुरुजी, ठरतो, कारण गावं घराण्याघराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाटलेली आहेत. पहिल्या गुरुजींनी गाव ऐकलं, मान हलवली आणि पंचवटीतल्या एका वाड्याची खूण सांगितली.

तिथले गुरुजी काकांच्या वयाचे. लाल फडक्याचे बस्ते कपाटात रचलेले. एक सोडला, दुसरा सोडला. वीसेक मिनिटं गेली. मग त्यांनी वही आमच्याकडे न वळवता आधी स्वतःशी वाचली आणि विचारलं, "तुमच्यात कुणी मुंबईला होतं का?"

नोंद शके 1848 च्या माघातली, म्हणजे 1927 च्या फेब्रुवारीची. खाली माझ्या आजोबांची मोडी सही. तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे, अक्षर अगदी ठसठशीत. गुरुजी वाचत गेले: "मातोश्रीसह आले. वडील मयत, मुक्काम परळ, मुंबई. भाद्रपद वद्य 12, शके 1840."

परळ. पणजोबा गावात वारलेच नव्हते. मृत्यूची नोंद होते ती माणूस जिथे मरतो तिथे, हे मला ठाऊक होतं, तरी मी गावच्या बुकात शोधत बसले आणि न सापडल्याचा दोष फाटक्या पानांना दिला. तिथीचा मेळ नंतर पंचांगाशी घातला: 1918 च्या ऑक्टोबरची 1 किंवा 2 तारीख. मुंबईत साथ तेव्हा टिपेला पोचत होती. 6 ऑक्टोबरला एका दिवसात तिथे 768 मृत्यू नोंदले गेले. कुणी कुणाला खांदा दिला असेल, आणि पणजीपर्यंत निरोप कोणी, किती दिवसांनी नेला असेल?

काका बोटं मोजत होते. बारस, तेरस, चौदस, अमावास्या.

"आगं, म्हंजे शंभर वर्षं आपण तीनच दिवस उशिरा जेवाय घालतोय त्यास्नी."

गुरुजी हसले, मग काकाही. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

ही नोंद कचेरीत चालणार नाही, ते गुरुजींनीच सांगून टाकलं. मुंबईच्या नोंदवहीत शोध घ्यावा लागेल, आणि तिथेही नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे उशिराच्या नोंदीचा अर्ज. ते पुढचं पुढे.

मग त्यांनी कोरं पान काढलं. 1927 नंतर आमच्यातलं कुणीच आलेलं नव्हतं. "आता तुम्ही लिहा. मधले सगळे." आजोबांनी आईचं नाव लिहिलं नव्हतं, नुसतं मातोश्री. मी पणजीचं नाव आधी लिहिलं. मग आजोबा. गुरुजींनी विचारलं, "तिथी?"

मी काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे. "1979 साल. उन्हाळा सरत आलेला." त्याच्या पुढे दोघांनाही काही येईना. शेवटी कऱ्हाडच्या आत्याला फोन लावला.

"एकादशी," ती लगेच म्हणाली. "ज्येष्ठातली, वद्य. माझा उपास होता. साबुदाणा चुलीवर तसाच राहिला बघ."