मारणे योग्य आहे का, असे विचारल्यावर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा सर्वाधिक गाजला तो हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया हा आकडा. आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेल्यांचीच त्यात मोजदाद असल्याने पोटापाण्यासाठी बाहेरगावी गेलेले पुरुष सुटतात, आणि त्याच अहवालात जन्माच्या वेळचे प्रमाण हजार मुलग्यांमागे ९२९ मुली एवढेच आहे, हे सांगण्याचे कष्ट फारच थोड्यांनी घेतले. माझ्या मते त्या अहवालातील खरा विचार करायला लावणारा तक्ता वेगळाच आहे.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होणाऱ्या या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्री-पुरुषांना विचारले जाते की, नवऱ्याने बायकोला मारणे कोणत्या परिस्थितीत योग्य ठरते. न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केले, उलट बोलली, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, नवऱ्याला तिच्या निष्ठेबद्दल संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान राखला नाही, अशी सात कारणे एकेक करून वाचून दाखवतात. यांपैकी किमान एका कारणाला होकार देणाऱ्या स्त्रिया २००५-०६ मध्ये ५४ टक्के होत्या, २०१५-१६ मध्ये ५२ आणि २०१९-२१ मध्ये ४५. पुरुषांचे आकडे अनुक्रमे ५१, ४२ आणि ४४. म्हणजे स्त्रियांमधील मान्यता फेरीगणिक घटत गेली, तर पुरुषांची आधी झपाट्याने घटून मग किंचित वर सरकली.

‘किमान एक’ ही अट विसरून ‘निम्म्या बायकांना मार मान्य आहे’ असा मथळा देणे सोपे असते. कारणे सुटी करून पाहिली की चित्र अधिक बोलके होते: स्त्रियांनी सर्वाधिक होकार दिला तो सासू-सासऱ्यांचा मान न राखण्याला, ३२ टक्के. आमटी खारट झाल्याचा किंवा संशयाचा क्रमांक त्यानंतरचा; मोठ्यांचा मान हा घराचा पाया मानण्याची शिकवण किती खोल रुजली आहे, हेच यातून दिसते. अनोळखी बाईसमोर दिलेले उत्तर मनातलेच असेल असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु चारचौघांत काय बोलणे शोभते याची समजूत हीदेखील सामाजिक वस्तुस्थितीच असते, आणि ती बदलते आहे की नाही हे असेच प्रश्न दाखवतात.

राज्यांमधील तफावत तर थक्क करणारी आहे. मारहाणीला मान्यता देणाऱ्या स्त्रिया हिमाचल प्रदेशात सुमारे १५ टक्के, तर तेलंगणात ८४ टक्के. दक्षिणेकडील राज्ये शिक्षण-आरोग्यात पुढे, म्हणून विचारांतही पुढे, हा आपला लाडका समज इथे टिकत नाही. कर्नाटकात ८२ टक्के पुरुष मारहाणीला मान्यता देतात आणि नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियाही तिथे ४४ टक्के, म्हणजे देशाच्या २९ टक्क्यांहून कितीतरी अधिक आहेत.

हा हिंसेचा आकडाही कमीच धरावा लागतो. ते प्रश्न घरातील एकाच स्त्रीला, तेही पूर्ण एकांत मिळाला तरच विचारावेत, असा सक्त नियम आहे आणि तो तिच्या सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे. पण ज्या घरात मुलाखत संपेपर्यंत सासू किंवा नवरा उंबऱ्यावरून हलतच नाही, त्या घरातील स्त्री या हिशेबात येतच नाही.